प्रकल्पाचे संदर्भ दरवर्षी त्याच जागी का अडकतात

फेब्रुवारी उजाडला की आमच्या ग्रंथालयात दरवर्षी तीच गर्दी होते. प्रकल्प लिहून झालेला असतो, बाइंडिंगला टाकायची घाई असते आणि मार्गदर्शकांनी वही परत केलेली असते. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलेलं असतं: 'संदर्भ अपूर्ण', 'लिंक उघडत नाही', 'हा लेख मिळाला नाही', 'मजकूर जसाच्या तसा'. "मॅडम, लिंक तं बराबर देल्ली होती, आता उघडूनच नाही राहिली," हे वाक्य ऐकलं की मला कळतं की हा मुलगा आज रडवेला होऊन घरी जाणार, आणि गावाची शेवटची एसटीही त्याला गाठायची आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट आणि पुढे संशोधन प्रकल्प करावा लागतो. पूर्वी एम.ए., एम.एस्सी.पुरती असलेली ही अडचण आता घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींपर्यंत पोचली आहे. त्यांच्याकडे लॅपटॉप नसतो. मोबाइल, रोजचा ठरलेला डेटा आणि झेरॉक्स सेंटर एवढ्यावर काम भागवायचं असतं. म्हणून इथे सांगितलेले बहुतेक उपाय मोबाइलवर जमतील असेच आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. दुखणं दिसतं शेवटच्या पानावर, पण ते सुरू झालेलं असतं शोधाच्या पहिल्या तासात. संदर्भसूची शेवटी 'बनवायला' घेतली की ती बिघडणारच. खालच्या तक्रारींचा क्रम त्यामुळेच शोधापासून सूचीकडे जाणारा आहे. आपलं काम कुठे अडलंय ते पाहा आणि तिथून एक पायरी मागे जा.

"विषय टाकला, पण काहीच सापडत नाही"

बहुतेक वेळा माहिती असते, आपण तिला चुकीच्या नावानं हाक मारत असतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातल्या कितीतरी मुलांना खारपाणपट्ट्यावर, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यावर, प्रकल्प करायचा असतो, कारण ते पाणी त्यांच्या घरच्या विहिरीत आहे. ते मोबाइलवर 'खारपानपट्टा समस्या' असं टाकतात आणि तीन बातम्या व एक भाषण हाती लागतं. आता हाच शब्द 'खारपाणपट्टा', 'खारपाण पट्टा' आणि 'खारे पाणी पूर्णा खोरे' असा बदलून टाकून पाहा. मराठीत एकच शब्द जोडून, तोडून, न-ण बदलून लिहिला जातो आणि शोधयंत्राला ते प्रत्येक वेळी समजेल याची खात्री नाही. बोंडअळी आणि बोंड अळी, कापूस आणि कपाशी यांचंही तसंच. घरात आपण पऱ्हाटी म्हणतो, पण त्या शब्दानं शोधनिबंध मिळणार नाही.

दुसरी पायरी त्याहून महत्त्वाची. आपल्या विषयावरचं शास्त्रीय लेखन बहुतांशी इंग्रजीत आहे आणि तिथे आपल्या गावचा शब्द वापरलेला नसतो. खारपाणपट्टा तिथे 'पूर्णा व्हॅली' या नावानं भेटतो आणि सोबत मातीचा प्रकार किंवा गुण असतो: व्हर्टिसोल (भारी काळी माती), सोडिक सॉइल (सोडियम जास्त असलेली माती), सॅलिनिटी (क्षारता). नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोमधल्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीवर बरंच काम केलं आहे, पण 'खारपानपट्टा' टाकणाऱ्याला ते दिसतच नाही. गुलाबी बोंडअळीसाठी शास्त्रीय नाव वापरा, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. त्यासोबत महाराष्ट्र किंवा विदर्भ हा शब्द जोडला की नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं लेखन वर येतं. भंडारा-गोंदियातल्या मुलांनी 'मामा तलाव' एवढंच टाकू नये. माजी मालगुजारी तलाव असं पूर्ण लिहावं आणि इंग्रजीत मालगुजारी टँक्स.

हे शब्द सुचावेत कसे? विषयावरचा एक बरा लेख मिळाला की त्याच्या सारांशाखाली 'कीवर्ड्स' म्हणून चार-पाच शब्द दिलेले असतात. ते वहीत उतरवा आणि पुढचा शोध त्यांनीच करा. मराठी विश्वकोशातली नोंदही इथे कामी येते, कारण तिथे बऱ्याचदा मराठी संज्ञेसोबत इंग्रजी संज्ञाही असते. विकिपीडियाचाही असाच वापर करा. शब्द घ्या, तळटीपा घ्या, त्या तळटीपांमधले मूळ लेख उघडा. विकिपीडियाचं पान स्वतः संदर्भ म्हणून देऊ नका.

जुन्या काळावर काम करणाऱ्यांची वेगळी अडचण असते. ब्रिटिशकालीन गॅझेटियर आणि अहवाल ऑनलाइन आहेत, पण त्यांत आपल्या गावांची नावं निराळी आहेत. यवतमाळचं स्पेलिंग तिथे वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल, अमरावतीचं ए-एम-आर-ए-ओ-टी-आय आणि चंद्रपूर म्हणजे चांदा. वऱ्हाड शोधायचा तर बेरार टाकावं लागतं, नागपूर-वर्धा-भंडाऱ्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. हे ठाऊक नसल्यानं 'आमच्या जिल्ह्यावर जुनं काहीच नाही' असं लिहून मोकळे झालेले प्रकल्प मी पाहिलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आपल्या भागाबद्दल लिहिलं गेलेलं कमी आहे हे खरं, पण जेवढं आहे तेवढं तरी आपल्या पोरांच्या हाती लागायला हवं.

शोधाची जागाही बदला. साध्या गूगलऐवजी गूगल स्कॉलर उघडा. ते २००४ पासून चालू आहे आणि फुकट आहे. एखादा लेख सापडला की त्याखाली 'साइटेड बाय' असं लिहिलेलं असतं. त्यावर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिलं, ते दिसतं. एका चांगल्या लेखावरून पुढच्या दहा लेखांकडे जायची ही सगळ्यात सोपी वाट. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला तर नेमका तोच क्रम शोधला जातो.

शोधगंगेकडे मुलं फारशी वळत नाहीत, ते मला खटकतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं चालवलेल्या या भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांचेही आहेत आणि मराठीत लिहिलेलेही भरपूर आहेत. शोधपेटीत मराठी शब्द टाकून मिळालं नाही तर विद्यापीठ आणि विभाग निवडून यादी चाळा, कारण पुष्कळदा प्रबंधाचं नाव तिथे रोमन लिपीत नोंदलेलं असतं. प्रबंध सापडला की आधी त्याची संदर्भसूचीची फाइल उतरवून घ्या. तुमच्याच विषयावर कोणीतरी काही वर्षं घालवून केलेली ती यादी आहे.

"लेख सापडला, पण पैसे मागतो"

पैसे भरू नका. स्कॉलरवर लेखाच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं, त्यात कुठेतरी फुकट पीडीएफ असू शकते. मोबाइलवर 'डेस्कटॉप साइट' चालू केली की उजवीकडे पीडीएफची खूणही दिसते. नसेल तर आपल्या ग्रंथपालांना एन-लिस्टबद्दल, म्हणजे महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेबद्दल, विचारा. महाविद्यालयानं सदस्यत्व घेतलेलं असेल तर विद्यार्थ्यालाही स्वतःचं लॉगिन मिळतं आणि घरून हजारो नियतकालिकं वाचता येतात. सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना सुरू झाली आहे, तिच्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं आहेत. कित्येक ठिकाणी लॉगिन पडून असतं, कारण कोणी मागतच नाही. मागा.

तरीही मिळाला नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहा. लेखाच्या पहिल्या पानावर पत्ता असतो. नाव, कॉलेज, प्रकल्पाचा विषय आणि 'कृपया लेखाची प्रत पाठवाल का' एवढं पुरे. बहुतेक संशोधकांना आपला लेख कोणी वाचतंय याचा आनंदच असतो.

"पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की भलतंच काहीतरी येतं"

ही मराठीतच काम करणाऱ्यांची खास डोकेदुखी. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण कॉपी करून दुसरीकडे टाकली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिखल. कारण ती फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असते. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरी असतं. याचा दुसरा परिणाम मुलांच्या लक्षात येत नाही. अशी फाइल शोधयंत्रालाही मराठी म्हणून वाचता येत नाही, म्हणून कितीही शोधलं तरी ती वर येत नाही. जुने सरकारी अहवाल, महाविद्यालयांची वार्षिकं, परिषदांच्या स्मरणिका अशाच हरवलेल्या आहेत. त्या शोधायच्या तर संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन यादीतूनच शोधाव्या लागतात.

फाइल हाती असेल तर उपाय सोपा आहे. ती गूगल ड्राइव्हवर चढवा आणि संगणकावरून 'ओपन विथ'मध्ये गूगल डॉक्स निवडा. ड्राइव्ह पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखतो आणि युनिकोड मराठी मजकूर देतो. फाइल तशी उघडूनही चिखलच आला, तर पानांचे स्क्रीनशॉट चढवा. मोबाइलवर एखाद्या परिच्छेदापुरतं गूगल लेन्स चालतं. मात्र जोडाक्षरं आणि आकडे मूळ पानाशी ताडून घ्या. यंत्र ५ आणि ६ मध्ये गोंधळतं, आणि प्रकल्पात तो आकडा तुमच्या नावावर जातो.

"सारांश लिहिला तरी सर म्हणतात कॉपी आहे"

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. बहुतेक मुलं चोरी करायच्या इराद्यानं कॉपी करत नाहीत. लेख समोर उघडा ठेवून, वाक्यामागून वाक्य थोडं बदलत जाणं म्हणजेच सारांश, असं त्यांना वाटत असतं, कारण शाळेपासून उत्तरं तशीच लिहून घेतली गेली आहेत. इंग्रजी लेख गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकून आलेलं मराठी चिकटवलं की 'हे तर माझ्या भाषेत आहे' असंही वाटतं. पण विचारांचा क्रम, मांडणी, उदाहरणं सगळी दुसऱ्याची असतात, म्हणून तीही उचलेगिरीच ठरते. भाषांतर वाचायला खुशाल वापरा, चिकटवायला नको.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम माहीत असू द्या. प्रबंध-प्रबंधिकांमध्ये १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभरापर्यंत सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर या मोजणीत धरत नाहीत. पण टक्के मोजत बसण्यात वेळ घालवू नका. ज्यानं लेख समजून घेतलाय त्याचे टक्के आपोआप कमी येतात.

समजून घ्यायची माझी पद्धत अशी. आधी लेखाचा गोषवारा वाचा, मग थेट निष्कर्ष वाचा, मग तक्ते, आणि शेवटी 'पद्धत' हा भाग. त्यानंतर लेख बंद करा. मोबाइल उलटा ठेवा. आता मैत्रिणीला सांगताना जसं सांगाल तसं वहीत लिहा, वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल. कोणी अभ्यास केला, कुठे केला, कोणत्या वर्षी, किती घरं किंवा किती विहिरी पाहिल्या, काय आढळलं आणि कोणता प्रश्न तसाच राहिला. एवढं लिहून झाल्यावरच लेख पुन्हा उघडा आणि नावं, आकडे, वर्षं तपासा. प्रमाण मराठीत नंतर आणता येतं. मूळचं एखादं वाक्य फारच नेमकं वाटलं तर ते अवतरणचिन्हांत घ्या आणि पानाचा क्रमांक त्याच वेळी शेजारी लिहा. नंतर तो क्रमांक सापडत नाही.

'कुठे' आणि 'कधी' हे दोन प्रश्न आपल्याकडे विशेष जपून विचारावे लागतात. खारपाणपट्ट्यावरचा एखादा लेख विहिरीच्या पाण्याची क्षारता देतो. नमुने मे महिन्यात घेतले की पावसाळा संपल्यावर, यावर तो आकडा बदलतो. सारांशात महिना गाळला की आकड्याला अर्थ उरत नाही.

जिल्ह्यांचे आकडे तर हमखास फसवतात. गडचिरोली चंद्रपुरातून १९८२ मध्ये वेगळा झाला, वाशिम अकोल्यातून १९९८ मध्ये आणि गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये. १९९१ च्या जनगणनेतला अकोला जिल्हा आणि २०११ च्या जनगणनेतला अकोला जिल्हा हे दोन वेगळे भूभाग आहेत. मुलं दोन्ही तक्ते उतरवतात आणि 'अकोल्याची लोकसंख्या घटली' असा निष्कर्ष काढतात. तुलना करायची असेल तर अकोला आणि वाशिमची बेरीज घ्या, किंवा तालुकानिहाय आकडे वापरा. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन हे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं प्रकाशन यासाठी फार उपयोगी आहे आणि ते जिल्ह्यावार मिळतं.

कापसाचंही तसंच. सरकारी अहवालात उत्पादन गाठींमध्ये असतं, एक गाठ १७० किलो रुईची. उत्पादकताही बहुधा हेक्टरी किलो रुई अशी असते. आपल्या गावचा शेतकरी मात्र एकरी क्विंटल सांगतो, आणि तो सरकीसकट कापूस असतो. सरकीसकट कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. हे ध्यानात न घेता दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी बसवले की गावचं पीक देशाच्या कितीतरी पट दिसायला लागतं. मूळ लेखात एकक काय आहे ते सारांशात जसंच्या तसं लिहा, रूपांतर केलं असेल तर तसं नमूद करा.

आणखी एक सवय मोडायला हवी. लेखात 'या गावांत आढळले', 'संबंध दिसतो' असं जपून लिहिलेलं असतं. आपल्या सारांशात त्याचं 'सिद्ध झाले आहे' होतं. शेतकरी आत्महत्या, स्थलांतर, कुपोषण यांसारख्या विषयांवर तर हे मुळीच करू नये. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती आपल्याच शेजारची घरं आहेत.

"चॅटबॉटनं दिलेला संदर्भ कुठेच सापडत नाही"

गेल्या काही काळात ही तक्रार सगळ्यांत वर आली आहे. मुलगा चॅटबॉटला विचारतो, 'विदर्भातील सिंचन अनुशेषावर दहा संदर्भ दे.' लगेच दहा संदर्भ येतात. लेखकांची नावं खरी वाटतात, नियतकालिक खरं असतं, वर्ष, खंड, पानं सगळं जागच्या जागी. आणि लेख अस्तित्वातच नसतो. असा कार्यक्रम एकामागून एक शोभेल असा शब्द रचत जातो, संदर्भाचा साचा त्याला पाठ असतो, म्हणून साचा भरला जातो. शोध चालू न करता उत्तर देणाऱ्या बॉटकडून तर हे हमखास होतं. मोठ्यांनाही हे भोवलंय. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलर दंड केला.

तपासायची रीत सोपी आहे. लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून स्कॉलरवर शोधा. सापडलं नाही तर संशय धरा. डीओआय क्रमांक दिला असेल, म्हणजे १० नं सुरू होणारा तो लांब क्रमांक, तर डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन तो टाका. खरा असेल तर लेखाचं पान उघडतं. पण उघडलं म्हणून थांबू नका, उघडलेला लेख तोच आहे का ते वाचा. क्रमांक खरा आणि लेख भलताच, हेही होतं.

खंडाचा हिशोबही फसवेगिरी उघडी पाडतो. उदाहरणार्थ, इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली. विदर्भाच्या शेतीवर त्यात वर्षानुवर्षं लेख येत आले आहेत, त्यामुळे बॉट त्याचं नाव आवडीनं घेतो. हे साप्ताहिक या नावानं १९६६ पासून निघतं आणि दर वर्षाला एक खंड असतो. म्हणजे २०१७ चा खंड ५२ वा. बॉटनं २०१७ पुढे खंड ४१ लिहिला असेल तर पुढे शोधत बसायची गरजच नाही.

सातबारा न पाहता कोणी शेताचा सौदा करत नाही, तसं लेख उघडून न पाहता त्याचा संदर्भ देऊ नका, तो बॉटनं दिलेला असो, सिनियरच्या प्रकल्पातला असो की दुसऱ्या लेखाच्या सूचीतला. मूळ लेख मिळालाच नाही आणि त्यातली गोष्ट दुसऱ्या कोणाच्या लेखात वाचली असेल, तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं प्रामाणिकपणे लिहा. सूचीत तुम्ही वाचलेलाच लेख टाका. कोणताही मार्गदर्शक त्याचे गुण कापणार नाही. बॉटची मदत घ्यायचीच असेल तर शोधाचे शब्द सुचवायला आणि अवघड इंग्रजी परिच्छेद समजावून घ्यायला घ्या. त्यासाठी तो खरंच बरा आहे, विशेषतः ज्यांच्या घरात इंग्रजी वाचणारं कोणी नाही त्यांच्यासाठी.

लेख खरा आहे, पण नियतकालिकच पैसे घेऊन काहीही छापणारं आहे, अशीही गत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'यादीत आहे ना' एवढं विचारून आता भागत नाही. आयएसएसएन क्रमांक असणं हा दर्जाचा पुरावा नाही, ती फक्त ओळखीची नोंद आहे. डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत नाव आहे का, संपादक मंडळावरची माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का, आणि चार दिवसांत छापून देण्याची जाहिरात आहे का, हे पाहा.

"लिंक दिली होती, आता उघडत नाही"

नुसती लिंक म्हणजे संदर्भ नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. संकेतस्थळं बदलतात, बातम्या हलवल्या जातात, ई-पेपरची पानं काही दिवसांनी लॉगिन मागतात. लेखक, वर्ष, शीर्षक, कुठे प्रसिद्ध झालं आणि मग लिंक, एवढं असेल तर लिंक मेली तरी माणूस लेखापर्यंत पोचतो. ई-पेपरच्या बातमीला दिनांक, आवृत्ती आणि पान क्रमांक लिहा. 'ऑनलाइन टीम' असं लेखकाच्या जागी असेल तर वृत्तपत्राचं नाव घ्या.

मराठी शीर्षक असलेल्या पत्त्याची लिंक कॉपी केली की टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची अर्धा पानभर माळ येते. घाबरू नका, तो बिघाड नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ-नऊ चिन्हांनी लिहिलं जातं. पण छापील प्रकल्पात ती कोणी टाइप करणार नाही. तिथे डीओआय असेल तर तोच द्या, नाहीतर शीर्षक आणि संकेतस्थळाचं मुख्य नाव द्या व पूर्ण लिंक सॉफ्ट कॉपीत ठेवा.

शासन निर्णयाची गोष्ट वेगळी आणि चांगली आहे. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक छापलेला असतो. विभागाचं नाव, निर्णय क्रमांक, दिनांक आणि तो संकेतांक लिहिला की लिंक असो वा नसो, निर्णय सापडतो. समितीच्या अहवालाला लेखक म्हणून संस्था घाला. केळकर समितीचा अहवाल असा लिहाल: महाराष्ट्र शासन, नियोजन विभाग, २०१३, महाराष्ट्रातील समतोल प्रादेशिक विकास प्रश्नांवरील उच्चस्तरीय समितीचा अहवाल. नुसतं 'केळकर समिती' लिहून सोडू नका.

जे पान नाहीसं होईल असं वाटतं ते त्याच दिवशी वेबॅक मशीनवर जतन करा. इंटरनेट अर्काइव्हची ही सोय फुकट आहे, पत्ता टाकला की त्या दिवसाची प्रत साठते आणि तिची वेगळी लिंक मिळते. ज्यांची लिंक आधीच मेली आहे त्यांनीही तिथे जुना पत्ता टाकून पाहावा. कोणीतरी आधी जतन केलेलं असू शकतं.

नोंद ठेवायला संगणक असेल तर झोटेरो हे संदर्भ साठवणारं सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकट आहे. नसेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवायची सोय आहे. लेख उघडल्याबरोबर, वाचायच्याही आधी, लेखक-वर्ष-शीर्षक-नियतकालिक-खंड-पानं-लिंक आणि आजची तारीख तिथे टाका, सोबत पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट. फेब्रुवारीतली सगळी धावपळ या एका सवयीनं वाचते. स्कॉलरवर लेखाखालच्या अवतरणचिन्हावर टिचकी मारली की तयार संदर्भ मिळतो, पण तो तपासून घ्या. मराठी माणसांच्या नावात आडनाव आणि वडिलांचं नाव यांची तिथे अदलाबदल होते.

संदर्भ लिहायच्या एपीए आणि एमएलए या शैलींपैकी कोणती, हे मार्गदर्शकांना पहिल्याच आठवड्यात विचारा आणि सगळीकडे तीच शैली ठेवा. एपीए असेल तर तीन किंवा जास्त लेखक असताना मजकुरात पहिल्याचं आडनाव आणि 'व इतर' पुरतं. प्रकल्प मराठीत असेल तर मराठी संदर्भ देवनागरीत, वर्णानुक्रमे, आणि इंग्रजी संदर्भ वेगळ्या यादीत. दोन्ही मिसळून लावायला गेलात की क्रम कधीच जमत नाही.

"गावातल्या माणसानं सांगितलेलं कुठे लिहू?"

हा प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात. ऑनलाइन लेखात जे नाही ते गावात असतं. मामा तलावाचं पाणी कोणाच्या शेताला आधी सोडायचे, खारं पाणी गोडं कधी लागायचं, पहिल्यांदा बोंडअळी कोणत्या वावरात दिसली. एपीएमध्ये अशी मुलाखत सूचीत येत नाही, मजकुरातच 'वैयक्तिक संवाद' म्हणून तारखेसह नोंदवतात. पण आपल्या विद्यापीठांत मुलाखतींचं परिशिष्ट जोडायला सहसा हरकत नसते, तेव्हा मार्गदर्शकांना विचारून ते जोडा. गाव, तारीख, साधारण वय, व्यवसाय लिहा. नाव घालायचं तर आधी परवानगी घ्या, आणि कर्ज किंवा घरातल्या मृत्यूबद्दल बोलणं झालं असेल तर परवानगी मिळाली तरी नाव घालू नका. मग त्या माणसानं सांगितलेलं आणि लेखात वाचलेलं जुळतं का, ते एका परिच्छेदात लिहा. जुळत नसेल तर तेही तसंच लिहा. परीक्षक पुष्कळदा त्याच परिच्छेदावर थांबून प्रश्न विचारतात, आणि तिथे उत्तर द्यायला तुम्हाला कोणताही लेख आठवावा लागत नाही.